मीठ हे 'केवळ प्रतीक' नव्हते

१/ १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाविषयी एक विधान वारंवार केले जाते: मीठ हे केवळ प्रतीक होते, कर तर क्षुल्लकच होता. हे विधान सुबक आहे, पण इतिहास म्हणून ते टिकत नाही. का, ते पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावात उभे राहून पाहू.

२/ करकंब कोकण किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. हा कमी पावसाचा, ज्वारीचा मुलूख. धान्य शेतात पिके, तेल करडईचे निघे. मीठ मात्र उरण, पेण, पनवेलकडच्या मिठागरांतून सह्याद्री ओलांडून येई. ज्यासाठी रोख पैसा मोजल्यावाचून गत्यंतर नव्हते, अशा मोजक्या वस्तूंपैकी ही एक.

३/ आता ताटाकडे पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते. सोडियम १० मिलिग्रॅमही नसते. ज्वारीत लोह आहे, मॅग्नेशियम आहे, पण सोडियमची उणीव ती भरून काढू शकत नाही. भाकरीसोबतचे मीठ ही चैन नव्हती, त्या आहारातली ती एक आवश्यक बाजू होती.

४/ आणि शरीर? रक्तातील पाण्याचा तोल, मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन ही सारी कामे सोडियमवर चालतात. एक लिटर घामाबरोबर साधारण एक ग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ, बाहेर पडते. वैशाखात नांगरट करणाऱ्या कुणब्याचा घाम दिवसाला कित्येक लिटर असतो. बैलालाही मीठ लागतेच.

५/ आता कर. मुंबई इलाख्यात मणामागे १ रुपया १३ आणे असलेला मीठकर १८७८ मध्ये २ रुपये ८ आणे झाला. हिशेब सोपा आहे: २ रुपये ८ आणे म्हणजे ४० आणे, आणि मण म्हणजे ४० शेर. शेरामागे नेमका एक आणा कर! मिठाची किंमत, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा याहून निराळा.

६/ हे वर्ष ध्यानात ठेवा. १८७६ साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि सोलापूर जिल्हा दुष्काळात होरपळून निघाला होता. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी ठरवली: एक पौंड धान्य आणि एक आणा. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हा शिधा कष्टकरी देहाला अपुरा असल्याचे बजावले होते.

७/ दोन्ही आकडे शेजारी ठेवा. माणशी वर्षाला ५ शेर मीठ धरले (दिवसाला सुमारे १३ ग्रॅम), तर पाच माणसांच्या कुटुंबाला २५ शेर लागेल. त्यावरचा कर २५ आणे, म्हणजेच दुष्काळी मजुराच्या २५ दिवसांच्या रोख कमाईइतका. हा कर 'क्षुल्लक' कोणाला वाटला असेल?

८/ समर्थक म्हणत, मीठ सगळेच खातात आणि सारखेच खातात, म्हणून हा कर न्याय्य. हा युक्तिवाद मुळातच सदोष आहे. पंख्याखाली बसणाऱ्या साहेबापेक्षा उन्हात राबणाऱ्याला मीठ जास्त लागते. म्हणजे ज्याचा घाम अधिक, त्याच्यावर कर अधिक. आणि त्याची मिळकत मात्र सर्वांत कमी.

९/ दुसरा युक्तिवाद: करामुळे खप घटत नाही. त्याचे उत्तर सरकारी आकड्यांनीच दिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पीय भाषणात या करावर टीका केली. १९०३, १९०५ आणि १९०७ मध्ये कर टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. १९०३ ते १९०८ या काळात मिठाचा खप सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. लोकसंख्या पाच वर्षांत एवढी वाढत नाही. लोक आधी हात आखडून मीठ खात होते, हाच याचा अर्थ.

१०/ कोणी म्हणेल, आज डॉक्टर मीठ कमी खा म्हणतात. बरोबर आहे, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी अशी आहे. पण तो सल्ला आजच्या, पाकीटबंद पदार्थांच्या काळातला आहे. आजच्या ताटाने कालच्या भुकेचे मोजमाप करणे हा इतिहासाशी अन्याय आहे.

११/ ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. मीठकर रद्द व्हायला मात्र १९४७ उजाडावे लागले.

१२/ मिठाला प्रतीकाचे सामर्थ्य आले, हे खरे. पण ते आले, कारण मीठ आधी गरज होती. तेव्हा कोणताही जुना कर वाचताना तिजोरीत किती जमा झाले एवढ्यावर थांबू नका. तो कोणाच्या ताटातून काढला गेला, हेही विचारा. 'मीठ-भाकर' हा शब्द ज्या लोकांनी घडवला, त्यांनी मीठ आधी का ठेवले, याचाही मग विचार करता येईल.