इशारा आला, पण झाकायचे कशाने?

नोव्हेंबर सरत आला की शहादा तालुक्यातल्या सकाळींना एक ठरलेला वास असतो. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला, की त्यात मळीचा उग्र दर्प मिसळतो. बैलगाड्या, ट्रॅक्टर, उसाचे हिरवे वाढे आणि तोडणीवाल्यांच्या कोप्यांतून उठणारा चुलीचा धूर. अशाच एखाद्या सकाळी आभाळ भरून येते, उत्तरेला सातपुडा दिसेनासा होतो आणि वर्तमानपत्रात दोन ओळी छापून येतात : उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता, कमाल तापमानात घट. पुण्या-मुंबईचा वाचक या ओळी वाचून कपाटातला स्वेटर काढतो. इथला माणूस त्या वाचून खळ्याकडे धावतो.

या पावसाला आपण अवकाळी म्हणतो. शेजारच्या गुजरातेत त्याला 'मावठुं' म्हणतात. ज्याला स्वतःचे नाव आहे तो पाहुणा काही पहिल्यांदा येत नसतो. पश्चिमेकडून भूमध्य समुद्राच्या बाजूने वाऱ्यांचा एखादा झंझावात उत्तर भारतावर येतो, त्याच सुमारास अरबी समुद्रावरून बाष्प आत ओढले जाते आणि तापीच्या खोऱ्यावर ढग जमतात. ढग असेपर्यंत दिवस गारठलेला, रात्र मात्र फारशी थंड नाही. आभाळ मोकळे झाले, की खरा कडाका सुरू होतो आणि सातपुड्यातल्या डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात.

२६ नोव्हेंबर २०२३ हा रविवार इकडच्या लोकांच्या चांगला लक्षात आहे. त्या दिवशी उत्तर महाराष्ट्रात वादळी पाऊस झाला, कित्येक ठिकाणी गाराही पडल्या. गुजरातेत तर एका दिवसात वीज पडून वीसहून अधिक माणसे दगावली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ सुरतेच्या रोखाने येता येता विरले. दत्तजयंती ३ तारखेला झाली होती आणि सारंगखेड्याच्या यात्रेचे दिवस होते. ५ तारखेला ओखीचे ढग आले. या दोन्ही वेळा हवामान खात्याने आधी सांगितले होते. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याची चेष्टा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण उपग्रह आणि संगणक आल्यापासून चेष्टेला फारशी जागा उरलेली नाही.

मात्र अंदाजाची भाषा समजून घ्यायला हवी. 'तुरळक ठिकाणी' याचा खात्याच्या लेखी अर्थ असा, की त्या विभागातल्या फार तर पाव भाग नोंद केंद्रांवर पाऊस पडेल. विभाग तरी केवढा? खात्याचा 'मध्य महाराष्ट्र' नंदुरबारपासून कोल्हापुरापर्यंत पसरलेला आहे. आता जिल्हावार इशारे मिळतात, हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल असे रंगही असतात. तरी आपले खळे त्या पाव भागात येते की नाही, हे शेतकऱ्याला कळत नाही. त्यामुळे प्रत्येकाला तयारी पुरती करावी लागते. आणि माझा प्रश्न त्या तयारीचाच आहे.

मी बँकेत अधिकारी होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत याच भागातल्या एका शाखेत होतो. एका नोव्हेंबरात पाऊस झाला आणि चार दिवसांनी एक शेतकरी मुदत वाढवून मागायला आला. ज्वारीची कणसे खळ्यावर भिजली होती, दाणा काळा पडला होता. मी तरुण होतो आणि नियम पाठ होते. मी म्हटले, "रेडिओवर सांगितलं होतं ना, काका? झाकून का नाही ठेवलं?" तो रागावला नाही. म्हणाला, "ऐकलं होतं साहेब. पण झाकू कशानं? घरात एकच ताडपत्री, ती सुनेच्या बाळंतिणीच्या खोलीवर टाकलेली." मी त्याच्या कर्जाचा अर्ज पुन्हा उघडून पाहिला. बियाण्याचा रकाना होता, खताचा होता, औषधाचा होता. ताडपत्रीचा नव्हता. तो अर्ज मीच भरून घेतला होता.

बँकेत आम्ही नोटीस पाठवली, की कागदोपत्री आमची जबाबदारी संपत असे. हवामानाचा इशारा हळूहळू तशीच नोटीस होऊ लागला आहे. इशारा दिला होता, मग नुकसान तुझे! आजच्या किसान क्रेडिट कार्डात काढणीनंतरचा खर्च आणि घरखर्च या दोन्हींसाठी मिळून पीक खर्चाच्या १० टक्के तरतूद असते. कोणत्या घरात आधी ताडपत्री येईल आणि मग किराणा? पीकविम्यात कापून शेतात पसरलेल्या पिकाला चौदा दिवसांचे संरक्षण होते, ७२ तासांत कळवण्याची अट होती. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ते कलमच योजनेतून काढले. तालुकापातळीवर सल्ला देणारी देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्याचे आदेश २०२४ साली निघाले. म्हणजे अंदाज अचूक होत गेला आणि तो ऐकून काही करता येईल अशी साधने आपण एकेक करून काढून घेत गेलो.

नंदुरबारच्या मिरची पथारी पाहा. देशातल्या मोठ्या मिरची बाजारांपैकी हा एक, आणि त्यातली मिरची उघड्या जमिनीवर वाळते. पाऊस आला, की व्यापाऱ्याचा माल भिजतो हे खरे, पण देठ खुडायला येणाऱ्या बायांचा रोजही त्याच दिवशी बुडतो. त्यांना नुकसानीच्या कोणत्याच पंचनाम्यात जागा नाही. कारखान्याच्या रस्त्यावर काळी जमीन चिखलाची झाली, की तोड थांबते. तोडणीवाल्याला मजुरी टनावर मिळते. थांबलेल्या दिवसाचे टन शून्य. आणि त्या रात्री तो जिथे झोपतो त्या कोपीचे छप्पर उसाच्या पाचटाचे असते.

यावर उपाय काही फार मोठे नाहीत. बाजार समितीत आणि पथारींवर छपराचे ओटे, गावोगावी सहकारी सोसायटीत भाड्याने मिळणाऱ्या ताडपत्र्या, कोप्यांसाठी हंगामाआधी जाड प्लास्टिक, पीककर्जात घरखर्चापासून वेगळा असा झाकणीचा रकाना. सोसायटीने खताची गोणी घरपोच देण्याची सवय ज्या परिसराला लावली, त्याला हे जड नाही.

तो शेतकरी आता नाही. त्याला मी मुदत वाढवून दिली होती. पण ती माझ्या अधिकारात होती म्हणून, त्यात मोठेपणा काही नव्हता. तरी नोव्हेंबरात आभाळ भरून आले, की मला त्याचा प्रश्न आठवतो. उत्तर अजून दिलेले नाही.