भुंकणे कुणाचे, भुर्दंड कुणाला?

शेजाऱ्यांच्या भांडणांनाही काळाप्रमाणे नवे विषय मिळत असतात. वाडे आणि चाळी होत्या तेव्हा नळाचे पाणी, जिन्यातला केर आणि सामाईक भिंत यांवरून तंटे होत. वाडे गेले, गृहनिर्माण संस्था आल्या आणि वाहने उभी करण्याच्या जागेवरून सभा गाजू लागल्या. आता त्या विषयाच्या जोडीला कुत्रे येऊन बसले आहे. संस्थेची वार्षिक सभा असो वा कॉलनीतला गणेशोत्सव, कुणाच्या तरी कुत्र्यांच्या भुंकण्याचा प्रश्न निघतो आणि पाहता पाहता सभेत दोन तट पडतात. एक तट स्वतःला प्राणिप्रेमी म्हणवतो. दुसऱ्याला पहिला तट माणूसघाणा वाटतो. मालक आणि शेजारी असे दोनच पक्ष या वादात आहेत, असे दोन्ही तट गृहीत धरतात. माझ्या मते वादाचा निकाल लागत नाही तो या गृहीतकामुळे. येथे पक्ष तीन आहेत, आणि तिसऱ्याला आपली बाजू मांडण्याचा भुंकण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

नेहमी आढळणारे चित्र डोळ्यांसमोर आणू. ओळीने बांधलेली घरे. एका घरातील पतिपत्नी दोघेही नोकरदार. सकाळी आठाला बाहेर पडतात ते सायंकाळी सातला परततात. मध्यंतरी परिसरात चोऱ्या झाल्या म्हणून, आणि मुलांचाही हट्ट म्हणून, दोन मोठ्या जातीची कुत्री आणली. पिले होती तोवर ती दिवाणखान्यात होती; वाढली तशी गच्चीवर गेली. तेथे हातभर साखळी, डोक्यावर पत्रा, दुपारचे ऊन आणि बहुधा कलंडलेले पाण्याचे भांडे. दिवसभर काही घडत नाही. रात्री रस्त्यावरून सायकल गेली तरी ती दोघे अर्धा तास भुंकतात. पलीकडच्या घरात बारावीची परीक्षा देणारी मुलगी आहे. वर रात्रपाळी करून सकाळी झोपू पाहणारी परिचारिका आहे. कोपऱ्यावर हृदयविकाराने जर्जर झालेले गृहस्थ आहेत. तरी महिनोन्‌महिने कुणी काही बोलत नाही. शेजारधर्माची भीड असते. मग एके रात्री कुणाचा तरी संयम सुटतो, नको ते शब्द उच्चारले जातात, आणि त्यानंतर प्रश्न भुंकण्याचा उरतच नाही. तो अब्रूचा होऊन बसतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीचे विवेचन केले. गिरणीमालक कोळशाची किंमत हिशेबात धरतो. धुराने काळवंडलेल्या शेजाऱ्याच्या कपड्यांची धरत नाही. कुत्र्यांच्या मालकाचेही तसेच आहे. पिलाची किंमत, खाद्य, लस, डॉक्टरांची फी हे सारे त्याच्या वहीत येते. परीक्षार्थी मुलीची मोडलेली झोप त्या वहीत कुठेच नसते. सुरक्षिततेचा लाभ त्याच्या घरात राहतो आणि खर्चाचा एक भाग भिंत ओलांडून पलीकडे जातो. माणूस दुष्ट असतो म्हणून असे घडते असे नव्हे. ज्या खर्चाचे बिल आपल्या नावावर येत नाही तो खर्च सहसा कुणाला दिसतच नाही.

यावर उपाय कोणता? रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये ‘सामाजिक खर्चाचा प्रश्न’ या नावाचा एक निबंध लिहिला. १९९१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचे उदाहरण शेजाऱ्यांचेच होते: एकाची गुरे दुसऱ्याच्या पिकात शिरतात. कोस म्हणतात, उपद्रव हा परस्परांचा असतो. गुरे सोडली तर शेतकऱ्याचे नुकसान, अडवली तर गुराख्याचे. हक्क कुणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटीला काहीच खर्च पडत नसेल, तर दोघे आपसांत सौदा करून सर्वांत स्वस्त तोडगा काढतील. प्रत्यक्षात वाटाघाटीला खर्च पडतो, हेही त्यांनी तितक्याच आग्रहाने सांगितले होते. आमच्याकडे या खर्चाचे नाव भीड. ज्या घरी हळदीकुंकवाला जायचे त्या घरी तक्रार घेऊन कसे जायचे, या विचारातच वर्ष निघून जाते.

परंतु कोस यांच्या युक्तिवादात आणखी एक जागा रिकामी आहे. गुरे आणि पीक यांच्या त्या हिशेबात गुरांना काय वाटते, हा प्रश्न नव्हता. आपल्या गच्चीवरील कुत्र्यांना हे तत्त्व लावून पाहा. मालक आणि शेजारी समजुतीने एकत्र बसले आणि स्वस्तात स्वस्त तोडगा शोधू लागले, तर हाती काय येईल? रात्रभर तोंडाला जाळी बांधून ठेवणे. भुंकताच विजेचा झटका देणारा पट्टा गळ्यात अडकवणे. शस्त्रक्रियेने स्वरतंतू कापणे. यांतले काही जमले नाही तर गाडीत घालून शहराबाहेर, हमरस्त्याच्या कडेला सोडून येणे. प्रत्येक तोडग्याने दोघांचेही समाधान होते, शेजारसंबंध पूर्ववत होतात आणि वही जुळते. ती जुळते, कारण सारा खर्च ज्याची स्वाक्षरी कुणी घेत नाही अशा तिसऱ्याच्या नावावर टाकलेला असतो. सुखदुःखाच्या मोजमापावर आपला विचार उभारणाऱ्या बेंथॅम यांनी १७८९ मध्येच बजावले होते की, प्राण्याला बुद्धी आहे का, वाचा आहे का, हे प्रश्न गौण असून त्याला यातना होतात का, हा खरा प्रश्न आहे. युरोपीय परिषदेने १९८७ मध्ये पाळीव प्राण्यांविषयी जो करार केला, त्यात स्वरतंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेवर बंदीचे कलम आले ते याच जाणिवेतून.

योगायोग असा की, ज्या वर्षी कोस यांचा निबंध आला त्याच १९६० मध्ये आपल्या संसदेने त्या तिसऱ्या पक्षासाठी कायदा केला. विख्यात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत १९५३ मध्ये मांडलेल्या खाजगी विधेयकाने त्याला चालना दिली होती. या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम प्रत्येक कुत्रापालकाने वाचावे. अकारण दीर्घकाळ, आखूड वा जड साखळीने प्राण्याला बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. एवढेच नव्हे, तर जे कुत्रे नेहमी बांधलेले वा कोंडलेले असते त्याला वाजवी व्यायाम न देणे, हाही मालकाचा गुन्हा म्हणून स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. ‘आमचे कुत्रे आहे, आम्ही कसेही ठेवू’ असे म्हणण्याची मुभा गेली त्याला साठ वर्षे उलटली.

अर्थात कायद्याला दात किती आहेत, हेही पाहिले पाहिजे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठेवला तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत, आणि १९६० साली ठरलेली ही रक्कम पुढे सहा दशके तशीच राहिली. त्या काळी पन्नास रुपये ही रक्कम जाणवण्यासारखी होती. महागाईने तिची किंमत इतकी खाल्ली की पुढे दंडाचे रूपांतर शुल्कात झाले. ध्वनीविषयक नियमांची अडचण वेगळी आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जवळून भुंकणाऱ्या मोठ्या कुत्र्याचा आवाज ती सहज ओलांडतो. परंतु ध्वनिक्षेपक जप्त करता येतो, कुत्रे कसे जप्त करणार? सार्वजनिक उपद्रवाचे कलम भारतीय न्याय संहितेत आहे, दंडाधिकाऱ्यांकडून उपद्रव हटवण्याचा आदेशही मागता येतो. तथापि ते मार्ग लांबचे आहेत, आणि त्या मार्गाने गेलेले शेजारी पुन्हा सहसा शेजारी राहत नाहीत.

सुदैवाने या प्रश्नात एक गोष्ट अनुकूल आहे. कुत्रे रात्रभर विनाकारण भुंकत नाही. एकटेपणा, कंटाळा, भीती, तहान, दुखणे, न जिरलेली शक्ती ही त्यामागची नेहमीची कारणे. उंच गच्चीवर बांधलेल्या कुत्र्याला सारा रस्ता दिसतो, पण कुठेच जाता येत नाही. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला आपल्या हद्दीत शिरलेला वाटतो. त्याला सकाळ-सायंकाळ फिरवून आणले, दिवसा सावली आणि न कलंडणारे पाण्याचे भांडे दिले, रात्री रस्त्याकडून हलवून घरात माणसांजवळ झोपवले, तर बहुसंख्य घरांतला आवाज निम्म्यावर येईल. म्हणजे शेजाऱ्याची झोप आणि कुत्र्याचे हित हे परस्परविरोधी नाहीत. दोहोंवरचा उपाय एकच आहे, आणि तो मालकाच्या हाती आहे. त्यासाठी त्याला द्यावा लागतो तो मुख्यतः वेळ. आणि वेळ हीच गोष्ट पिलू आणताना कुणी हिशेबात धरलेली नसते.

म्हणून तक्रार करणाऱ्यानेही आपली भाषा बदलावी. रात्री दोन वाजता खिडकीतून ओरडण्यापेक्षा रविवारी सकाळी जाऊन, ‘वहिनी, कुत्र्यांना बरं नाही का? काल एकपासून तीनपर्यंत सारखी ओरडत होती. दुपारी पाण्याचं भांडंही उपडं दिसलं,’ असे म्हणावे. यात आरोप नाही, माहिती आहे. दिवसभर बाहेर असणाऱ्या मालकाला आपल्या मागे काय घडते हे पुष्कळदा ठाऊकच नसते. आठवडाभराच्या वेळा एका कागदावर टिपून ठेवल्या तर बोलणे अतिशयोक्तीकडे झुकत नाही. कॉलनीतला एखादा विद्यार्थी रोज तासभर त्यांना फिरवून आणायला तयार असेल, तर तेही सुचवावे. कित्येक मालकांना असा आधार हवाच असतो. याउपर काही न झाल्यास संस्थेच्या समितीने, आणि प्राण्याचे हाल स्पष्ट दिसत असतील तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेने वा पोलिसांनी लक्ष घालणे रास्तच. मात्र काही ठिकाणी रागाच्या भरात विषाचा मार्ग पत्करला जातो, तो निव्वळ अधमपणा आहे. त्यासाठी नव्या संहितेत पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे ध्यानात असावे.

संस्थांचेही काही कर्तव्य आहे. कुत्री पाळण्यास सरसकट बंदी घालणारे ठराव टिकणारे नाहीत. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांनी ते स्पष्ट केले आहे. त्याच सूचना मालकांकडूनही शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये, विशेषतः रात्री, याची काळजी अपेक्षितात. मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिका कुत्र्यासाठी परवाना मागतात आणि लसीचा दाखला पाहतात. त्याच अर्जात आणखी दोन प्रश्न का नसावेत? कुत्रे दिवसा कुठे असते, आणि त्याच्याजवळ कोण असते? परवाना द्यायचा की नाही हे या उत्तरांवर ठरवावे असे मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारला की निदान एकदा विचार करावा लागतो.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला मालकाचा: कुत्रे आहे, ते भुंकणारच. मान्य. चाहूल लागून भुंकणे हे त्याचे काम आहे. तासन्‌तास भुंकणे हे त्याचे गाऱ्हाणे आहे. पहिले शेजाऱ्याने सोसावे, दुसरे मालकाने ऐकावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसांना धड निवारा नाही, तेथे कुत्र्यांच्या सुखाची चर्चा कशाला? परंतु येथे कुणी सरकारी तिजोरीतून कुत्र्यांसाठी महाल मागत नाही. ज्याने हौसेने प्राणी घरी आणला त्यानेच त्या हौसेची पूर्ण किंमत द्यावी, एवढेच मागणे आहे. गरिबाची झोप आणि मुक्या प्राण्याची तहान या दोन्ही गोष्टी अशा आहेत की, त्यांचा बोजा दुसऱ्यावर ढकलणे फार सोपे असते. एकीचा न्याय दुसरीच्या आड येत नाही.

आपल्या परंपरेत धर्मराज कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जाण्यास नकार देतो, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात. आपल्याच भाषेत, अतोनात दुर्दशा सांगायची झाली तर ‘कुत्रा हाल खाणार नाही’ असे म्हणतात. कथा आपण कीर्तनात ऐकतो, वाक्प्रचार मात्र गच्चीवर खरा करून दाखवतो. कुत्रा पाळणे हा कुणाचा हक्क असेल. पण ‘पाळणे’ या क्रियापदात सांभाळ करणे अभिप्रेत आहे, नुसते बांधून ठेवणे नव्हे. ज्याला सांभाळ जमणार नसेल त्याने चोरांसाठी दाराला एक भक्कम कुलूप घ्यावे. ते स्वस्त पडते, त्याला तहान लागत नाही आणि त्याच्यामुळे शेजारच्या मुलीचा अभ्यास बुडत नाही.