आयन म्हणजे केवळ ठिपका नव्हे

पावसाळ्यांत पंचगंगेचें पाणी गढूळ झालें म्हणजे घागरींत तुरटी फिरवावयाची, ही आपल्या घरांतील जुनी रीत. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युद्भार असतो. समान भार परस्परांस दूर लोटतात, म्हणून गाळ एरवीं लवकर बसत नाहीं. मग तुरटी नेमकें काय करते, असें गतवर्षीं वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारलें. मीं फळ्यावर अधिक-उणे खुणांचे ठिपके काढले व तास उरकला. तें उत्तर अपुरें होतें, हें येथें कबूल करणें भाग आहे.

ठिपक्याची कल्पना टाकाऊ नाहीं. ग्वी यांनीं १९१० मध्यें व चॅपमन यांनीं १९१३ मध्यें भारित पृष्ठभागालगतच्या आयनांचें गणित तिच्याच आधारें मांडलें. प्रत्येक आयनावर दुसऱ्या प्रत्येकाचा होणारा परिणाम निराळा मोजणें अशक्य. म्हणून सर्वांची सरासरी घ्यावयाची, ही युक्ति. आपल्याकडे ज्ञानचंद्र घोष यांनीं १९१८ मध्यें द्रावणांतील आयन स्फटिकाप्रमाणें रचलेले असतात, असें मानून पाहिलें. तें मत टिकलें नाहीं. १९२३ चा डेबाय व ह्यूकेल यांचा सिद्धान्त विरळ द्रावणांस चांगला लागू पडला.

परंतु ठिपक्यांचें हें सरासरी गणित एक हट्ट सोडीत नाहीं: समान भाराचे दोन पृष्ठभाग परस्परांस लोटणारच. आयनांची गर्दी तें लोटणें फार तर दुबळें करील. प्रत्यक्षांत मात्र आपल्या पेशींतील स्पर्मीन हा लांबट, चार धन भारांचा आयन डीएनएचे ऋणभारित धागे जवळ आणतो. आयन म्हणजे दोन टोकांस भार असलेली काठी, एवढेंच मानून तेंच सरासरीचें गणित पुन्हां केलें, तर आकर्षण निघतें! ओढ्यावरील साकवाप्रमाणें काठीचें एकेक टोंक एकेका तीराशीं टेकतें. तुरटींतील ॲल्युमिनियमहि पाण्यांत एकटें राहत नाहीं. त्याचे तेरा अणु मिळून सात धन भारांचा एक मोठा आयनहि बनूं शकतो.

हें सारें कॉलेजांत शिकतील, परीक्षेंत त्यास गुण नाहींत, असें कित्येक पालक म्हणतील. गणित खुशाल पुढें ठेवावें. पण ठिपका ही आपली सोय आहे, आयनाचें रूप नव्हे, एवढें सांगावयास किती वेळ लागतो? चूक मनांत रुजल्यावर ती उपटणें अधिक कष्टाचें.

त्या विद्यार्थ्यास मीं परवां बोलावून साकवाची आकृति काढून दाखविली. त्यानें लगेच विचारलें, “गुरुजी, साकव आंखूड पडला तर?” गणितहि तेंच सांगतें: काठी पुरेशी लांब नसेल, तर आकर्षण उरत नाहीं.