'सैराट'ची आर्ची नेमकी कधी बंडखोर होते?

बुलेट चालवणारी, पोरांना दरडावणारी आर्ची आजही रील्समध्ये दिसते. पण नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये (२०१६) तिचं खरं बंड कोणतं?

आर्ची पाटलांची लेक. गावात वडिलांची सत्ता, म्हणून तिचा बिनधास्तपणा खपून जातो. मासेमारी करणाऱ्या घरातल्या परश्याला ही मोकळीक नाही. म्हणजे धाडस आर्चीचं स्वतःचं असलं, तरी त्याला कवच जातीचं आहे.

जात ओलांडून जोडीदार निवडताच हे कवच गळून पडतं. पोरीने ट्रॅक्टर चालवलेला घराला चालतो, नवरा निवडलेला चालत नाही. हैदराबादच्या झोपडपट्टीत राहून ती कारखान्यात राबते, संसार उभा करते. खरं बंड हे आहे. शेवटी माहेरची माणसंच दोघांचा जीव घेतात.

कायदा काय सांगतो? दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 'शक्ती वाहिनी' खटल्यात मार्च २०१८ मध्ये स्पष्ट केलं. धोका असलेल्या जोडप्यांना संरक्षण देण्याचे निर्देशही दिले.

आर्चीच्या क्लिपला लाइक मिळतातच. आपल्या घरातल्या मुलीने असाच निर्णय घेतला, तर तिच्या बाजूने कोण उभं राहील?