हुक कशाला अडकवायचा?

‘बेल्ट दिलाय, हेल्मेट दिलंय; घालतच नाहीत, त्याला कोण काय करणार?’ बांधकामावरून कुणी पडला की हे वाक्य ठरलेलं. अलीकडे एका जाणत्या गृहस्थांनी त्याचा सिद्धांतच करून टाकला. मजूर मुळात निष्काळजी, तंबाखू मळायला हात मोकळा हवा म्हणून हुक सोडतो. सुरक्षेचे लाड केले तर घरं महागतील. आणि बांबूच्या परांचीवर आजे-पणजे चढलेच की! स्वतः गृहस्थ लिफ्टने चढतात.

महागाईचं म्हणाल, तर कठड्याच्या चार पाइपांनी जो फ्लॅट महागतो, तो दारातल्या कारंज्याने स्वस्त होतो काय? आणि आजे-पणजे चढले खरे. त्यातले पडले ते सांगायला उरले नाहीत.

राहिला बेल्ट. तो काही दंडातला ताईत नव्हे. हुक कशाला तरी अडकवावा लागतो. भिवंडीजवळच्या काल्हेरच्या एखाद्या नव्या इमारतीच्या स्लॅबकडेला सेंटरिंगवाला उभा असतो. समोर उभ्या सळ्या, पायाखाली प्लाय, बाजूला काथ्याने बांधलेला बांबू. कोसळत्या माणसाचा हिसका यातलं काय झेलणार? बरं, पायाजवळ पक्की कडी आहे असंच धरू. दोरी साधारण पावणेदोन मीटर, झटका शोषणारी पट्टी उलगडते ती सुमारे सव्वा मीटर, पाठीवरच्या कडीपासून तळव्यापर्यंत दीड मीटर. बेरीज साडेचार. पहिला स्लॅब जमिनीपासून तीन मीटरवर. म्हणजे बेल्टने झेलण्याआधीच माणूस जमिनीवर, आणि मुकादमाच्या वहीत ‘बेल्ट दिला’ अशी सही. वरच्या मजल्यावर तो वाचलाच, तर लोंबकळताना पट्टे मांड्यांत रुततात, रक्त पायांत साचतं. काही मिनिटांत उतरवावं लागतं. कोणी, ते ठरलेलं नसतं. शिवाय प्लास्टरवाल्याला पैसे फुटावर. हातभर सरकलं की हुक काढा, पुन्हा लावा. त्या वेळेचा दर कुठल्याच कागदावर नाही. निष्काळजीपणाचा शोध मजुराच्या खिशातल्या पुडीत घेण्याआधी ठेकेदाराच्या दरपत्रकात घ्यावा.

काल्हेरला तर गोदामांची छपरंही आहेत. पावसाआधी पत्रे दुरुस्तीला माणूस वर जातो. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा काही वर्षांत पिवळा पडतो, धूळ बसली की लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो. पाय पडला की आरपार. दहा मीटरवरून खाली यायला दीड सेकंदही लागत नाही. आदळताना वेग ताशी पन्नास किलोमीटर. इथे सावधगिरीचं व्याख्यान कोणाला द्यायचं, पत्र्याला?

खाडीपलीकडे, ठाण्याच्या बाळकुमला १० सप्टेंबर २०२३ रोजी चाळीस मजली इमारतीची कामाची लिफ्ट कोसळली. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आटोपून उतरणारे सात कामगार गेले. त्यांच्या कमरेला दहा बेल्ट असते तरी काय फरक पडला असता? आणि ऑगस्ट २०२५मध्ये भिवंडीत मेट्रोच्या कामावरून सुटलेली सळई रिक्षातल्या प्रवाशाच्या डोक्यात घुसली. त्यानेही हेल्मेट घातलं नव्हतं म्हणा!

हेल्मेट निघालं की पुण्याची हेल्मेटसक्ती आठवते. तिथे स्वातंत्र्याचा गजर करणारेच मजुराचा विषय येताच सक्तीचे भक्त होतात. दुचाकीवरचं डोकं स्वतःचं आणि परांचीवरचं ठेकेदाराचं, असा काहीसा हिशेब असावा.

कायद्याने तो हिशेब केव्हाच फेटाळला. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याच्या ४४व्या कलमाने सतत आणि पुरेशी देखरेख ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली, बिगाऱ्यावर नाही.

मग करायचं काय? आधी पडायची जागाच बंद करायची: स्लॅबच्या कडेला कठडा, लिफ्टच्या खड्ड्याला दार, डक्टवर झाकण, फायबरच्या पत्र्याखाली जाळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली १९३०च्या दशकात जाळं लावलं, त्याने १९ जण झेलले; फेब्रुवारी १९३७मध्ये मात्र अवजड परांची कोसळून तेच जाळं फाटलं आणि दहाजण दगावले. तेव्हा जाळ्याचीही तपासणी हवी. बेल्ट शेवटी, आणि तोही डोक्यावर ताणलेल्या पक्क्या दोरासकट. या सगळ्याचा दर निविदेत सिमेंट-सळईशेजारी वेगळ्या ओळीत लिहावा, म्हणजे घासाघीस करताना त्यावर कात्री चालणार नाही.

गृहस्थांना हे पटत नसेल, तर मे महिन्यात काल्हेरला यावं. बेल्ट मिळेल. छपरावर चढून हुक कुठे लावायचा, ते त्यांनीच दाखवावं.