ड्रिल यंत्र आणि ‘निष्काळजी’ कामगार

सुताराच्या हातातले गिरमिट त्याच्या मनगटाच्या वेगाने फिरे. हात थांबला की तेही थांबे. विजेच्या ड्रिलने हे नाते तोडले. आज बांधकामावर, ग्रिल-फर्निचरच्या लहान कारखान्यांत हे यंत्र सर्वत्र दिसते, आणि ते चालविणारा बहुधा कंत्राटदाराचा रोजंदार असतो. त्याला अपघात झाला की कारण तयारच असते : निष्काळजीपणा. हा शब्द जरा तपासून पाहिला पाहिजे.

यंत्र चालविण्याचे नियम अवघड नाहीत. भोक पाडावयाचा तुकडा हातात न धरता शिकंज्यात आवळावा. बिट अडकले तर यंत्रच गर्रकन फिरून मनगट पिळवटते, म्हणून आडवी मूठ बसवून दोन्ही हातांनी धरावे. बिट बदलण्यापूर्वी प्लग काढावा, चकची चावी चकमध्ये राहू देऊ नये, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. सैल बाही, गळ्यातला पंचा आणि सुती हातमोजे यांना फिरत्या बिटाजवळ स्थान नाही. कापड गुंतले की बोटे त्यामागोमाग जातात. आणि सुरक्षेच्या नावाखाली कामगाराच्या हाती सर्वांत स्वस्तात काय ठेवता येते, तर सुती हातमोजेच!

परंतु खरा घात वायरीत आहे. धातूच्या आवरणाच्या ड्रिलला तिसरी, जमिनीशी जोडणारी तार असते. आतील वेष्टन खराब होऊन आवरणात वीज उतरली, तर ती माणसाच्या देहातून न जाता या तारेने जावी, अशी ही योजना. पण प्लग तुटलेला असतो, दोन तारा काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये अडकविलेल्या असतात. तिसरी नसली तरी यंत्र चालते. म्हणून पहिली तीच गळते. दुहेरी वेष्टनाच्या यंत्राला ही तार लागत नाही हे खरे, पण त्याचीही वायर सोललेली आणि पायाखालची जमीन ओली असेल तर ते वेष्टन काय कामाचे? फ्यूज आहे ना, असे सांगितले जाते. फ्यूज वायरिंग वाचवितो, माणूस नव्हे. तो वितळावयास काही अँपियर लागतात. हृदयाचा ठोका चुकविण्यास अँपियरचा दहावा हिस्साही पुरतो. माणूस वाचतो तो ३० मिलिअँपियर गळतीला वीज तोडणाऱ्या उपकरणाने. ब्रिटनमध्ये बांधकामावरील अशी हत्यारे ११० व्होल्टवर चालविण्याची रीत आहे. तेथे जमिनीच्या मार्गाने बसणारा धक्का ५५ व्होल्टांच्या आसपासच राहतो. आपल्याकडे कामगाराच्या हातात सरळ २३० व्होल्ट असतात.

आता, गळतीरोधक उपकरण कोणी बसवावयाचे? वायर कोणी बदलावयाची? यांपैकी एकही गोष्ट कामगाराच्या अखत्यारीत नाही. कायद्यालाही साधी चूक आणि जाणूनबुजून केलेली आज्ञाभंगाची कृती यांतील फरक ठाऊक आहे. मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल, तेव्हाच नशा, सुरक्षेच्या स्पष्ट आदेशाचा हेतुपुरस्सर भंग किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढणे या सबबी मालकाला सांगता येतात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातील हा दंडक २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उतरला आहे. नुसता ‘निष्काळजीपणा’ त्या यादीत नाही. तरीही त्या एका शब्दावर कित्येक कुटुंबांची बोळवण होते.

दुसरीकडे, विजेवर चालणाऱ्या ‘कारखान्या’ची मर्यादा १९४८ च्या कायद्यात दहा कामगारांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती वीसवर नेली. बारा-पंधरा माणसांचे वर्कशॉप, म्हणजे तुटक्या वायरींचे माहेरघर, कारखान्याच्या व्याख्येतूनच बाहेर पडले.

म्हणून बांधकाम व लघुउद्योगांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी मजुरीच्या मागण्यांबरोबर तीन मागण्या लेखी द्याव्यात : प्रत्येक जोडणीवर गळतीरोधक उपकरण, अखंड वायर व शाबूत प्लग, आणि नादुरुस्त यंत्र नाकारणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही अशी हमी. तिसरीला मालकाचा विरोध सर्वाधिक होईल. तिच्यावरच अडून बसावे.