सरकारी बंदुकीचा धनी कोण?



जुन्या वस्तू जमविण्याची हौस आपल्या मुलांत वाढीस लागली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. कोणी नाणीं जमवितो, कोणी पोस्टाचीं तिकिटें. परंतु वरच्या इयत्तांतील कांहीं मुलांनीं यंदा मजपाशीं असें विचारिलें कीं, जुन्या पलटणी रायफलींचा, म्हणजे सरकारनें आपल्या शिपायांच्या हातीं ज्या दिल्या त्यांचा, संग्रह व अभ्यास करतां येईल काय? ह्याचें उत्तर एका शब्दांत "नाहीं" असें देतां आलें असतें, आणि पुष्कळ पालकांस तेंच रुचलें असतें. माझें मत निराळें आहे. बंदूक घरांत आणूं नये हें खरें. पण तिचा अभ्यास शिरूर-दौंडच्या मुलांनीं करावयाचा नाहीं, तर मग कोणीं करावयाचा?

शिरूर हें एके काळीं कंपनी सरकारच्या फौजेचें ठाणें होतें. कर्नल वॉलेस नांवाचा अंमलदार १८०९ सालीं येथेंच वारला, आणि पुढें त्याच्या थडग्यास लोक सत्पुरुषाचें स्थान समजून भजूं लागले, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. ह्याच छावणींतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन सुमारें आठशें लोक घेऊन निघाला, आणि दुसऱ्या दिवशीं भीमेकांठीं कोरेगांव येथें, म्हणजे आजच्या शिरूर तालुक्यांतच, पेशव्यांच्या फौजेशीं त्याची गांठ पडली. त्या दिवशीं कंपनीच्या पायदळाच्या हातीं जी बंदूक होती ती रायफल नव्हे. ती गुळगुळीत नळीची, चकमकीची, तोंडाकडून ठासावयाची बंदूक. नळीचें भोंक पाऊण इंचाचें. गोळी त्यांत सैल बसे आणि बाहेर पडतांना कोठें वळेल ह्याचा नेम नसे. शंभर वारांपलीकडे एका माणसावर धरलेला नेम लागला तर तो दैवयोगच समजावयाचा. म्हणून शिपाई रांगेनें उभे राहून एकदम बार काढीत, आणि उरलेलें काम संगिनीवर सोपवीत.

रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आंतून मळसूत्री खांचा पाडलेल्या असतात ती बंदूक. ह्या खांचांमुळें गोळी भोंवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते. एवढीच युक्ति, परंतु तिनें शंभर वारांचा नेम कित्येक शतें वारांवर नेला. अशी रायफल हातीं असलेला एकटा माणूस दुरून धोकादायक होतो. अर्थात् ती कोणाच्या हातीं द्यावयाची, हा प्रश्न राज्यकर्त्यांस पडलाच. १८५७ सालीं एनफील्ड रायफलीच्या काडतुसांवरून काय झालें हें इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांनीं वाचलें आहे. त्यानंतर काय झालें हें मात्र पुस्तकांत क्वचितच येतें. हिंदी शिपायांसाठीं त्याच एनफील्डच्या धर्तीची, पण आंतल्या खांचा नसलेली, गुळगुळीत नळीची बंदूक मुद्दाम करविण्यांत आली. दिसावयास रायफल, आंतून जुनीच! पुढें गोऱ्या शिपायांस मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हां हिंदी शिपायांकडे त्यांची टाकलेली स्नायडर आली. गोऱ्यांस दारूगोळा भरण्याची पेटी असलेली नवी रायफल मिळाली तेव्हां ह्यांस मार्टिनी. एक पिढी मागें, हा नियमच होऊन बसला.

२७ जुलै १८८० रोजीं अफगाणिस्तानांत मैवंद येथें इंग्रजी फौजेचा दारुण पराभव झाला. त्या रणांगणांत ६६ वी गोरी पलटण मार्टिनी-हेन्री घेऊन लढत होती, आणि तिच्या बाजूस उभ्या असलेल्या मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडियर व जेकब्स रायफल्स ह्या हिंदी पलटणी स्नायडर घेऊन. शत्रु एकच, मैदान एकच, मरण एकच. बंदुका मात्र दोन प्रकारच्या. पुढें १९१४ च्या महायुद्धांत माणसांची निकड लागली, तेव्हां मार्सेल्स बंदरीं उतरलेल्या हिंदी पलटणींस नव्या धर्तीच्या रायफली तांतडीनें वांटण्यांत आल्या. अविश्वास पन्नास वर्षांत गेला नव्हता, तो गरजेनें पंधरवड्यांत गेला.

ह्याहून कठोर गोष्ट त्या दगडी स्तंभापाशीं उभें राहून आठवावी. कोरेगांवच्या स्तंभावर जीं नांवें कोरलीं आहेत त्यांतील अनेकांच्या शेवटीं "नाक" हें पद आहे. तीं महार शिपायांचीं आहेत. त्यांच्याच वंशजांस १८९२ च्या सुमारास, ते लढवय्या जातीचे नाहींत असें ठरवून, लष्करभरती बंद करण्यांत आली. त्याविरुद्ध अर्जांमागून अर्ज गेले. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि १९२१ सालीं ती मोडलीही. महार रेजिमेंट कायमची उभी राहावयास १९४१ साल उजाडावें लागलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे स्वतः एका सुभेदाराचे पुत्र, ते १ जानेवारी १९२७ रोजीं त्या स्तंभाजवळ गेले ते उगीच नव्हे. ज्याच्या हातून सरकारनें बंदूक काढून घेतली, त्याच्या हातून केवळ लोखंड व लांकूड गेलें नाहीं. पगार गेला, निवृत्तिवेतन गेलें, पलटणींतील मुलांची शाळा गेली.

आतां कळेल कीं पलटणी बंदूक ही शिकारीच्या बंदुकीसारखी नव्हे. ती शिपायाची कधींच नव्हती. सकाळीं कोतांतून नंबर पाहून घ्यावयाची, सायंकाळीं पुसून परत कोतांत ठेवावयाची. ती विश्वासाची पावती होती, आणि पावती लिहून देणारा ती केव्हांही परत घेऊं शकत असे. म्हणून अशा बंदुकीचा इतिहास म्हणजे कोणावर, केव्हां व किती विश्वास टाकला गेला ह्याचा इतिहास होय. नुसत्या बंदुका भिंतीवर टांगून ठेवणारा संग्राहक हा माझ्या मतें पाकिटें जमवून आंतलीं पत्रें फेकून देणारा मनुष्य आहे.

हें वाचन बंदुकीवरच्या खुणांपासून सुरू होतें. लोक जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात त्या ली-एनफील्ड रायफलीचें उदाहरण घेऊं. वजन सुमारें चार किलो, पेटींत दहा काडतुसें. दस्ता जेथें लोखंडास मिळतो तेथें उजव्या बाजूस मुकुट, राजाच्या नांवाचीं अक्षरें, कारखान्याचें नांव, साल व नमुना हीं ठोकलेलीं असतात. बंगालमध्यें इशापूर येथें १९०४ सालीं कारखाना निघाला, तेथल्या मालावर "जी. आर. आय.", म्हणजे जॉर्ज राजा व बादशहा, अशीं अक्षरें आढळतात, आणि स्वातंत्र्यानंतरच्या मालावर त्यांच्या जागीं अशोकाचे सिंह येतात. एका चिन्हाची जागा दुसऱ्यानें घेतली, यंत्र तेंच राहिलें! जुन्या दस्त्यावर पितळेची एक चकती असे व तिच्यावर पलटणीचें नांव व नंबर असे. १९१६ च्या सुमारास युद्धाच्या घाईंत ही चकती बसविणें बंद झालें. माझ्या दृष्टीनें सबंध बंदुकींत ती चकतीच अधिक मोलाची.

पोलिसांसाठीं व तुरुंगांच्या पहाऱ्यासाठीं इशापूरच्या कारखान्यानें ह्याच रायफलीची नळी गुळगुळीत व रुंद करून .४१० ची मस्केट बनविली, आणि पेटींत लांकडाचा ठोकळा घातला, म्हणजे एका वेळीं एकच बार निघावा. १८५८ ची ती जुनी युक्तिच पुन्हां. पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे, तेथील काडतुसांच्या बुडाशीं "के. एफ." हीं अक्षरें असत. मुलांनो, असें काडतूस शेतांत अगर माळ्यावर सांपडलें तर तें भरलेलें कीं रिकामें ह्याची परीक्षा तुम्हीं करावयाची नाहीं. हात न लावितां वडील माणसांस सांगावें व पोलीस ठाण्यास कळवावें.

कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, आणि गोऱ्यांस मात्र त्यांतून सूट होती. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा गोरा-काळा भेद मानीत नाहीं, पण.३०३ रायफल व .४१० मस्केट हीं पलटणी व पोलिसी हत्यारें सामान्य परवान्यावर मिळत नाहींत. जें हत्यार जुन्या धर्तीचें किंवा मोडकें असून दुरुस्त करूनही चालणार नाहीं, त्यासच त्या कायद्यांत सवलत आहे. अमेरिकेंत निराळी तऱ्हा. इशापूरच्या जुन्या रायफली व मस्केटी हजारोंनीं तिकडे विकल्या गेल्या, आणि तेथील हौशी लोक त्यांचा एकेक खिळा व शिक्का अभ्यासितात. म्हणजे दौंडच्या मुलास आपल्या पणजोबाच्या खांद्यावर कोणती बंदूक होती हें हातीं घेऊन पाहावयाचें असेल, तर टेक्सासांतील एखाद्या गृहस्थाच्या बैठकींत जावें लागेल! मला ह्याचा हेवा वाटत नाहीं. पण विषाद वाटतो.

कारण आपल्याकडील शेवटच्या थ्री-नॉट-थ्री आतां सेवेंतून जात आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेऊन आलेल्या मारेकऱ्यांसमोर आपल्या पोलिसांच्या हातीं हीच जुनी हत्यारें होतीं, आणि तीं किती अपुरीं होतीं हें सर्व देशानें पाहिलें. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं २६ जानेवारी २०२० च्या संचलनांत ह्या रायफलीस निरोप दिला. निरोप द्यावा हें योग्यच. परंतु सेवेंतून गेलेल्या सरकारी हत्यारांच्या वांट्यास बहुधा भट्टी येते. दौंड तर राज्य राखीव पोलीस दलाचें गांव. किती घरांतील वडिलांनीं, आजोबांनीं ह्या रायफलीवर कवाइत केली असेल! माझी सूचना अशी आहे कीं, वितळविण्यापूर्वीं प्रत्येक नमुन्याची एकेक बंदूक नळी बुजवून व यंत्र निकामी करून तालुक्याच्या ठिकाणीं, पोलिसांच्या देखरेखीखालीं, कांचेच्या कपाटांत ठेवावी, आणि तिच्याखालीं ती कोणी वापरली त्यांचीं नांवें लिहावीं. खरे संग्राहक म्हणतील कीं नळी बुजविली म्हणजे बंदूक मेली. मेली तरी चालेल. आपणांस ती बोलावयास हवी आहे, उडावयास नको.

पालकांपैकीं कोणी म्हणतील कीं, मारण्याच्या साधनाचा एवढा विचार शाळेनें कां करावा? ही शंका मी हलकी मानीत नाहीं. पण मुलें बंदुका पाहतच आहेत; चित्रपटांत पाहतात, हातांतील फोनवरच्या खेळांत तर दिवसाकाठीं शेंकडों माणसें मारितात, आणि तेथें मेलेल्यास नांव नसतें, गांव नसतें. ज्या मुलानें आपल्या पणजोबाचा नंबर शोधून काढिला, त्याचा तो खेळ थोडा तरी बेचव होईल असा माझा अदमास आहे.

कै. दिनकर केळकर ह्यांनीं पुण्यांत अडकित्ते, दिवे, कुलुपें व भांडीं जमवून केवढें संग्रहालय उभें केलें हें आपण सहलींत पाहिलें आहे. आपल्या संग्रहास तेवढीही जागा लागणार नाहीं. एक जाड वही पुरे. तिच्यांत काय लिहावयाचें? प्रथम घरांतील पदकें काढा. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण बारीक अक्षरांत ठोकलेलीं असतात. तेंच पदक ब्राँझचें असेल तर तो मनुष्य बहुधा लढणारा नव्हे, तर पलटणीबरोबर गेलेला भिस्ती, खेंचरवाला अगर मजूर असावा. त्याचें नांवही वहींत त्याच मानानें लिहावें. मग पेन्शनीचे व नांव कमी केल्याचे कागद पाहा. गांवांतील चावडीवर अगर वेशींत संगमरवरी पाटी असेल तर ती उतरून घ्या. अशा पाट्यांवर महायुद्धास किती माणसें गेलीं व किती परत आलीं नाहींत एवढाच आंकडा असतो, नांवें नसतात. तीं आपण भरावयाचीं आहेत.

कुट-अल-अमारा येथें डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडून २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलेल्या फौजेचें नांवच "पुणें डिव्हिजन" होतें, आणि तींत मराठा पलटणी होत्या. त्या वेढ्यांत व पुढील कैदेंत मेलेल्यांचीं, तशींच इतर रणांगणांवर पडलेल्यांचीं नांवें राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगाच्या यादींत आहेत, आणि ती यादी कोणासही संगणकावर फुकट पाहावयास मिळते. पुष्कळ नांवांपुढें बापाचें नांव, गांव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. मात्र यादी इंग्रजींत असून कारकुनांनीं नांवें कानांवर पडलीं तशीं लिहिलीं आहेत. तेव्हां शिरूर शोधतांना तें "सिरूर" ह्या उच्चारानें शोधावें, दौंड "धोंड" असें, आणि पुणें अर्थात् "पूना" असें.